सॉफ्टवेअर उत्तर देतं. ते बरोबर आहे हे कोण सांगणार?

फायनल इयर आलं की हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एकच विषय निघतो, पुढे काय? मेकॅनिकलवाल्यांपैकी काही जण गेटचा अभ्यास धरतात, काही आयटीची वाट पकडतात आणि दरवर्षी चार-दोन जण तरी म्हणतात, "मला सिम्युलेशनमध्ये जायचंय." मग चौकशी सुरू होते ती क्लासची. कोणतं सॉफ्टवेअर, किती महिने, फी किती, सर्टिफिकेट मिळतं का? घरून पैसे मागवले जातात. त्यासाठी कुणाच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. म्हणून मित्रांनो, पैसे भरण्याआधी हे काम नक्की काय आहे ते समजून घेऊ.

काम काय असतं?

वस्तू प्रत्यक्ष बनवून तोडून बघण्याआधी ती कॉम्प्युटरवर तपासायची, याचं नाव सिम्युलेशन. भाग किती वाकेल, कुठे तुटेल हे पाहायला एफ.ई.ए.; हवा, पाणी, उष्णता कशी वाहते हे पाहायला सी.एफ.डी.; सस्पेन्शनसारख्या हलणाऱ्या सांध्यांसाठी मल्टिबॉडी; आणि गाडीच्या धडकेसाठी क्रॅश ॲनालिसिस. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत गाड्यांच्या प्रत्यक्ष चाचण्या होतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एन्कॅपची स्टार रेटिंगही सुरू झाली. गाडी प्रत्यक्ष आपटण्यापूर्वी कंपनी ती कॉम्प्युटरवर कितीतरी वेळा आपटून बघते.

फ्रेशरच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा मेशिंग येतं, म्हणजे डिझायनरकडून आलेलं मॉडेल साफ करायचं, छोटी फिलेट्स काढायची आणि सगळ्याचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट्स पाडायचे. काम कंटाळवाणं वाटतं. काही जण वर्षानुवर्षं तिथेच अडकतात. जे पुढे सरकतात त्यांच्यात आणि अडकलेल्यांत फरक सॉफ्टवेअरचा नसतो. आलेल्या उत्तरावर शंका घेता येते की नाही, फरक तिथे पडतो.

रंगीत चित्र आणि बुडालेला प्लॅटफॉर्म

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत 'स्लाइप्नर ए' या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. सुमारे ६५ मीटर खोलीवर आतली एक भिंत तडकली, पाणी आत घुसलं, पंपांना ते आवरेना आणि अख्खा सांगाडा तळाला जाऊन फुटला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर्सचं होतं.

चौकशीत काय निघालं? मोक्याच्या जागी मेश जाडाभरडा होता, एलिमेंट्सचा आकार वेडावाकडा होता आणि त्यामुळे भिंतीतला शिअर स्ट्रेस तब्बल ४७ टक्के कमी दिसला. त्यावर विसंबून भिंतीची जाडी आणि सळ्या ठरल्या. गंमत बघा, नंतर काळजीपूर्वक ॲनालिसिस केलं तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटरवर फुटेल. प्रत्यक्षाच्या किती जवळ! प्रोग्रॅमने दिलेलं गणित प्रामाणिकपणे सोडवलं होतं. गणित चुकीचं मांडलंय हे ओळखणं माणसाचं काम होतं.

हे करून बघा

यासाठी दुसऱ्या वर्षाच्या एस.ओ.एम.चं जर्नल माळ्यावरून खाली काढा. एक कॅन्टिलिव्हर बीम घ्या. स्टीलची पट्टी, लांबी ५०० मि.मी., रुंदी ३०, जाडी १०. टोकाला १०० न्यूटन लोड. ई म्हणजे २,००,००० मेगापास्कल.

आय = ३० × १००० ÷ १२ = २५०० मि.मी.चा चौथा घात. डिफ्लेक्शनचं सूत्र पाठ आहेच, पी एल क्यूब भागिले तीन ई आय. उत्तर ८.३३ मि.मी. बेंडिंग मोमेंट बांधलेल्या टोकाला ५०,००० न्यूटन-मि.मी., म्हणून तिथला स्ट्रेस १०० मेगापास्कल आणि बीमच्या मध्यावर बरोब्बर निम्मा, ५०.

आता हाच बीम सॉफ्टवेअरमध्ये सोडवा आणि पुढच्या गोष्टी वहीत लिहा.

१. रिॲक्शन फोर्स १०० न्यूटन आला का? नसेल तर पुढचं काही बघूच नका. लोड किंवा सपोर्ट चुकलाय.

२. जाडीत चार नोडच्या टेट्रा एलिमेंट्सचा एकच थर द्या. डिफ्लेक्शन ८.३३च्या बरंच खाली येईल, कारण असे एलिमेंट्स बेंडिंगमध्ये नको तितके ताठ वागतात. मग दहा नोडचे टेट्रा घ्या. उत्तर जागेवर येतं.

३. स्ट्रेस मध्यावरच्या पृष्ठभागावर वाचा, तो ५०च्या आसपास हवा. बांधलेल्या टोकाच्या कोपऱ्यात मेश बारीक करत गेलात तर आकडा वाढतच जाईल. ती जागा गणिताच्या दृष्टीनेच बिघडलेली असते. तिथला लालभडक रंग बघून जाडी वाढवू नका.

४. आता नॅचरल फ्रिक्वेन्सी काढा. हाताने पहिली सुमारे ३२.६ हर्ट्झ येते. मिलिमीटर आणि न्यूटन वापरताना घनता टन प्रति घन मि.मी.मध्ये द्यावी लागते. तिथे सवयीने ७८५० ठोकलं तर उत्तर दहा लाख पटीने चुकतं, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही!

एवढं जमलं की मधे भोक असलेली पट्टी घ्या, मग आतून दाब असलेला जाड सिलिंडर. त्यानंतर नाफेम्स या संस्थेचे बेंचमार्क प्रश्न आहेत. त्यातल्या लंबवर्तुळाकार पट्टीच्या प्रसिद्ध प्रश्नाचं उत्तर ९२.७ मेगापास्कल ठरलेलं आहे. तुमचं किती येतं ते बघा.

पैसे न भरता सुरुवात

कॅल्क्युलिक्स, फ्रीकॅड आणि सी.एफ.डी.साठी ओपनफोम ही सॉफ्टवेअर्स मोफत आहेत. एन.पी.टी.ई.एल.वर एफ.ई.एम.ची आपल्याच आय.आय.टी.मधल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट बघता येतात. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये ओपनफोमही शिकवलंय. क्लास वाईटच असतो असं नाही. कंपनीत चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर हात बसायला त्याचा उपयोग होतो. पण तो नंतर करा. आधी वरचे आठ-दहा प्रश्न सोडवून त्यांची एक वही करा. प्रत्येक पानावर चार गोष्टी हव्यात: हाताचं उत्तर, कॉम्प्युटरचं उत्तर, दोन्हीतला फरक आणि त्या फरकाचं कारण.

ही वहीच तुमचा खरा बायोडेटा. इंटरव्ह्यूमध्ये कुठलं बटण कुठल्या मेनूत आहे हे सहसा विचारत नाहीत. विचारतात ते असं: या बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम काढ, व्हॉन मिसेस डक्टाइल मटेरिअललाच का लावतात, मेश पुरेसा बारीक झाला हे कशावरून ठरवलंस? ज्याने वही स्वतः भरली आहे त्याला यातलं काही पाठ करावं लागत नाही. रूममेटची कॉपी केलेली असेल तर तिसऱ्या प्रश्नालाच कळतं. व्हायवात आपण सगळ्यांनी हे पाहिलंय!

आणि एक. नोकरी लागल्यावरही शॉपफ्लोअरवर जाणं सोडू नका. तुटलेला पार्ट हातात घ्या, भेग कुठून सुरू झाली ते बघा, वेल्डरला दोन प्रश्न विचारा. स्क्रीनवर 'फिक्स्ड' म्हणून जे आपण एका क्लिकमध्ये बांधतो, ते प्रत्यक्षात चार बोल्टवर उभं असतं आणि त्यातला एखादा ढिला असतो. तुम्ही तपासलेल्या ब्रॅकेटच्या भरवशावर उद्या कुणीतरी सहकुटुंब घाट उतरणार आहे. तेव्हा रिपोर्टवर सही करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि हाताने एकदा हिशोब मांडा. पाच मिनिटं लागतात.

सर्वांना शुभेच्छा. आणि हो, ज्युनिअर्सनो, एस.ओ.एम.चं जर्नल रद्दीत देऊ नका!