मानेची कातडी सैल पडली आहे, काय करावे?

प्रश्न : माझं वय ५२. कासारसाईला आमची भात आणि उसाची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली. तेव्हापासून हनुवटीखालची आणि गळ्याची कातडी लोंबायला लागली आहे. सून हिंजवडीला कंपनीत आहे. ती म्हणते, मशीनने घट्ट करून मिळते. शेजारणीने एक क्रीम दिलं आहे. काय करू?

उत्तर : ताई, कातडी सैल पडणे हा आजार नाही, त्यामुळे घाबरू नका. पाळी गेल्यावर हे जाणवू लागले, हे तुमचे निरीक्षणही बरोबर आहे. त्वचेला भक्कमपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन आणि ताणल्यावर तिला परत जागेवर आणणारे म्हणजे इलॅस्टिन. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होते आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. मानेची त्वचा मुळात पातळ आणि तिच्यात तेलग्रंथीही कमी, म्हणून फरक तिथे लवकर दिसतो.

पण सगळा दोष वयाला देऊ नका. दिवसाउजेडी खिडकीपाशी आरसा धरा आणि हनुवटी वर करा. हनुवटीच्या थेट खाली, जिथे कायम सावली असते, तिथली त्वचा बहुधा उजळ आणि मऊ दिसेल. मानेच्या दोन्ही बाजू आणि ब्लाउजच्या गळ्यातून उघडा राहणारा भाग मात्र काळपट, तांबूस, बारीक सुरकुत्यांचा दिसेल. दोन्हींचे वय एकच. फरक उन्हाने केला आहे. लावणीला आणि खुरपणीला वाकून काम करणाऱ्यांच्या मानेमागे तर कातडी जाड होऊन चौकटीसारख्या खोल रेघा पडतात. आभाळ भरून आलेले असले तरी त्वचेत खोलवर जाणारे अतिनील किरण ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात. धूम्रपानानेही कोलॅजन झपाट्याने झिजते.

उपचाराआधी मान नीट तपासून घ्या. आरशात पाहत पाण्याचा घोट गिळा. गळ्याच्या पुढच्या भागात एखादा फुगवटा घोटाबरोबर वर सरकला, तर ती थायरॉइडची गाठ असू शकते. मानेत दोन-तीन आठवडे न जिरणारी गाठ, बसलेला आवाज, गिळताना त्रास, तोंडातली न भरणारी जखम यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या व्यक्तीने यात एक दिवसही घालवू नये. खाणे नेहमीसारखे असूनही वजन उतरून कातडी सैल पडली असेल, तर मधुमेह, थायरॉइड आणि क्षयाची तपासणी हवी. मान काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर ती घासून निघणार नाही. रक्तातली साखर तपासा.

आता रोजची काळजी. शेतात पदर किंवा सुती पंचा मानेभोवती पुढून-मागून घ्या. पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फने चेहरा आणि गळा झाकतात, ती सवय अगदी योग्य आहे. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन लावा. दोन बोटांवर लांब पट्टी काढली तर चेहरा आणि मानेला पुरते. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. रात्री साधे मॉइश्चरायझर लावा.

औषधी क्रीममध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो ट्रेटिनॉइनचा. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मटारच्या दाण्याएवढे, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. मानेची त्वचा त्याने चटकन लाल होते आणि सोलवटते. गरोदरपणात ते वापरू नये. तीन ते सहा महिन्यांत बारीक सुरकुत्या आणि डाग कमी होतात. लोंबणारी कातडी मात्र वर जात नाही. मालीश किंवा मानेच्या व्यायामानेही ती घट्ट होत नाही.

शेजारणीचे क्रीम लावण्याआधी त्यावरची नावे वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. आठवडाभरात रंग उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. सैल त्वचेवर हे मुळीच नको.

सूनबाई म्हणतात त्या मशीनविषयी. रेडिओफ्रीक्वेन्सी आणि फोकस्ड अल्ट्रासाउंड त्वचेच्या आतल्या थराला उष्णता देतात, त्यातून नवे कोलॅजन तयार होते. सैलपणा थोडा असेल तर काही महिन्यांत थोडा फरक पडतो, आणि तोही कायमचा नसतो. लेझरने आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळे डाग पडू शकतात, म्हणून अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच हवा. मानेवर दोऱ्यांसारखे उभे पट्टे उठत असतील, तर ते प्लॅटिस्मा या पातळ स्नायूचे असतात. त्यांवर बोटॉक्सचे इंजेक्शन चालते; अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. हनुवटीखालची चरबी विरघळवणारे इंजेक्शन सैल कातडीवर घेऊ नका. चरबी गेली की कातडी आणखी लोंबते. कातडी खूपच लोंबत असेल तर प्लास्टिक सर्जनकडून शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय. तिच्यात रक्त साकळणे, व्रण राहणे, नसेला इजा होणे हे धोके आहेत. मधुमेह आणि रक्तदाब आधी आटोक्यात हवा.

ताई, पार्लरमध्ये किंवा फोनवर ‘दहा सिटिंगचे पॅकेज’ सांगणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका. आधी औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा ससून, जिथे सोयीचे पडेल तिथे मान दाखवा. सैलपणा कातडीचा, स्नायूचा की चरबीचा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तपासणीत सगळे ठीक निघाले आणि काहीच करायचे नाही असे तुम्ही ठरवले, तरी प्रकृतीला त्याने काही अपाय नाही. पदर आणि सनस्क्रीन मात्र उद्यापासूनच सुरू करा, आणि सूनबाईंनाही लावायला सांगा. लवकर सुरू केलेल्या काळजीचा उपयोग सर्वांत जास्त होतो.