रत्नागिरीत टिकलेली हॅट धुळ्यात का मोडते?

प्रश्न : रत्नागिरीला असताना घेतलेली गवती हॅट तिथे काही वर्षं उत्तम टिकली. बदली होऊन धुळ्याला आलो आणि एकाच उन्हाळ्यात तिची कड पापडासारखी मोडायला लागली. खोबरेल तेल लावू का? आई म्हणते, सुपाला लावतात तसा मेथी-कागदाचा लेप दे. – एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : तेलाची बाटली आधी फडताळात परत ठेवा. हॅटला तेल नाही, पाणी कमी पडलंय.

गव्हाचं काड असो, शिंदीचं पान असो की पनामा हॅटला लागणारं इक्वेडोरचं तोकिया, सगळ्यांचा धागा मुख्यतः सेल्युलोजचा. तो हवेतली ओल घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडून देतो. कोकणच्या दमट हवेत काडात वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के पाणी असतं आणि त्यामुळेच ते वाकतं. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ कडे सरकतो, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि काडात जेमतेम ५ टक्के पाणी उरतं. अशा वेळी माथा चिमटीत धरून हॅट उचलली की नेमकी चिमटीच्या जागी भेग पडते. उचलायची ती कडेला दोन्ही हातांनी.

हे आपल्या कारागिरांना सांगावं लागत नाही. केरसुणी बांधणारा शिंदीची पाती आधी भिजवतो, विडी वळणारी बाई तेंदूची पानं ओली करून फडक्यात गुंडाळून ठेवते. कोरड्या पानाला कुणी वाकवायला जात नाही.

तुम्हाला लागणारं यंत्र घरातच आहे : कूलर. रात्री ज्या खोलीत तो चालतो तिथे हॅट ठेवा, मात्र थेट झोतात नको. सकाळी कड बोटाने हलकेच दाबून बघा. अजून कुरकुरत असेल, तर झाकणाच्या मोठ्या डब्यात पिळलेला ओला पंचा अंथरा, त्यावर पातेलं पालथं घाला आणि पातेल्यावर हॅट ठेवून झाकण लावा. पंचा हॅटला टेकता कामा नये. सहा-आठ तास पुरे. दिवसभराच्या वर ठेवलीत तर बुरशी धरेल.

वाकडी झालेली कड सरळ करायची असेल, तर एवढं झाल्यावर किटलीची वाफ द्या. वीतभर अंतर ठेवा, हॅट सतत फिरवत राहा आणि एका जागी दहा-बारा सेकंदांहून जास्त थांबू नका. वाफेने आतली खळ सैल पडते. तेवढ्यात हाताने आकार द्या आणि डोक्याच्या मापाच्या पातेल्यावर सावलीत वाळू द्या. बादलीत बुडवू मात्र नका. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त 'गवती' हॅट मुळात पीळ दिलेल्या कागदाच्या असतात. आतल्या बाजूचं एखादं सुटं टोक ओल्या बोटाने उलगडून पाहा. त्याची चपटी पट्टी झाली, तर तो कागद समजा.

आता आईंच्या सूचनेबद्दल. सुपाला मेथीचा लेप योग्यच, कारण सूप ताठ हवं आणि छिद्रं बुजायला हवीत. हॅटला तो कडकपणा नको. लेप संपतो त्या रेषेवर नवी भेग पडेल. त्याऐवजी भेगेच्या आतून मलमलीची पातळ पट्टी, पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा, तीही हॅट दमट असतानाच. तेलाने काड काळवंडतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास सुटतो. पाण्यात ग्लिसरीन घालून फवारा, असंही कुणी सुचवेल. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं खरं, पण मे महिन्यात धुळ्याच्या हवेत ओढायला असतं काय? आणि आषाढात हॅट चिकट होईल ती वेगळीच.

उन्हाचं नुकसान मात्र वाफेने भरून येत नाही. पिवळी-तपकिरी पडून बोटाखाली चुरा होणारी काडं गेली ती गेलीच. गाडीच्या मागच्या काचेखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हॅट ठेवायची नाही, ती याचसाठी. घरातल्या कपाटात, माथ्यावर पालथी, आत जुनं सुती कापड कोंबून ठेवा. पनामा हॅट गुंडाळून विकतात म्हणून आपणही गुंडाळावी, हा मोह उन्हाळ्यात तरी आवरा.

नवीच घ्यायची झाली, तर रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरला बचत गटांच्या महिला केळीच्या खोडाच्या धाग्याच्या हॅट करतात. तोही सेल्युलोजच, नियम हेच. आणि शेतात दिवसभर राबायचं असेल, तर खान्देशी माणूस डोक्याला रुमाल बांधतो तो उगाच नव्हे. तो भिजवता येतो, पिळता येतो आणि मोडत नाही.