दोन नागठाणी

सातारा,
रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वहिनीचा फोन आला होता. पशुखाद्याच्या गाड्यांची बिलं करताना आपल्या नागठाण्याला सांगलीकडच्या नागठाण्याचा दर लागला आणि टेम्पोवाल्यांचे पैसे कमी निघाले, एवढंच ती रडत रडत बोलली. तू दोन दिवस धड जेवला नाहीस, हेही कळलं. आधी सांग, साहेबांच्या कानावर तू आपणहून घातलंस का?

अरे, बालगंधर्वांचं नागठाणं पलूस तालुक्यात आणि हायवेवरचं नागठाणं साताऱ्याजवळ, हे तुला मी सांगायचं? बोरगावही तसंच, एक इकडे, एक वाळव्यात. वाळवा-तासगाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. जिल्हा तुटला, गावांची नावं होती तीच राहिली. दर शोधायला नुसत्या गावाच्या नावावर व्हीलूकअप लावलंस, तर ते वरून खाली बघत येतं आणि पहिलं नागठाणं दिसलं की तिथंच थांबतं. एरर आली असती तर तूही थांबला असतास. ते गुमान उत्तर देतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

दरांच्या तक्त्यात सगळ्यांत डावीकडे एक जादा रकाना घे आणि त्यात जिल्हा व गाव जोड. मधे उभी रेघ घाल. उद्या गट नंबर आणि हिस्सा रेघेशिवाय जोडलेस, तर गट १ चा हिस्सा १२ आणि गट ११ चा हिस्सा २, दोन्ही ११२ होतील. शोधतानाही तशीच जोडी दे, शेवटी फॉल्स लिही. तीच जोडी दोनदा आली आहे का, ते काउंटइफ्सनं आधी बघ. आली तर तालुकाही जोड. दहा मिनिटांचं काम होतं रे. तुझ्या आजोबांची घाई तुझ्यात उतरली आहे.

माझ्यातही होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाळव्यातल्या बोरगावच्या एका विधवा बाईचा पेन्शनचा कागद मी इकडच्या बोरगावला धाडला. दीड महिन्यानं तो परत आला. मी गुपचूप पाकीट बदललं आणि कुणाला काही बोललो नाही. मधल्या काळात ती बाई दोनदा एसटीनं येऊन कचेरीच्या पायरीवर बसून गेली होती. मी तिला ओळखत होतो आणि नजर चुकवून आत गेलो. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून पुन्हा विचारतो, सांगितलंस का? नसेल तर उद्या सांग. कुणाकुणाला किती कमी गेले, ती यादी सोबत ने.

मी फार बोललो. तू हिशेबाला खोटा नाहीस, हे मला ठाऊक आहे. आज रात्री दोन घास खा. साहेबांच्या केबिनमध्ये जायला पाय उचलत नसतील तर पहाटे फोन कर, मी पहिल्या एसटीनं सांगलीला येतो. आत येणार नाही. बाहेर बाकावर बसेन, मग आपण दोघं मिळून चहा घेऊ.

तुझा
काका