नाव घेतल्याने रोग वाढत नाही



आपल्या भागात कॅन्सरला कॅन्सर म्हणण्याची पद्धत नाही. ‘गाठ आहे’, ‘ते मोठे दुखणे आहे’, ‘टाटाला नेले आहे’, एवढेच बोलले जाते आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. आजाऱ्याला भेटायला गेले की घरची माणसे उंबऱ्यातच गाठून हळू आवाजात सांगतात, “फादर, त्यांना सांगितलेले नाही. तुम्ही काही बोलू नका.” आत खाटेवर पडलेला माणूस मात्र थोड्या वेळाने म्हणतो, “फादर, मला सगळे कळते. पण पोरांना वाईट वाटेल म्हणून मी विचारत नाही.” एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच दुःख असते, आणि ती भिंत प्रेमानेच बांधलेली असते. या अभ्यासलेखात आपण तिच्याविषयी विचार करू.

१. सांगावे की न सांगावे?

हा प्रश्न फक्त आपल्या खेड्यांतला आहे असे समजू नये. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली. त्यांतील सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कॅन्सर झाल्याचे सांगत नाहीत असे दिसून आले. १९७९ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांनी ‘आम्ही सांगतो’ असे उत्तर दिले. अठरा वर्षांत एवढा बदल कसा झाला? एक म्हणजे उपचार सुधारले. दुसरे म्हणजे कोणीतरी रुग्णांना विचारले. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी शिकागोत मृत्यूच्या छायेतील रुग्णांजवळ बसून त्यांचे बोलणे ऐकले व १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिले. कोणी सांगितले नव्हते तरी पुष्कळ रुग्णांना आपली अवस्था ठाऊक होती, असे त्यांना आढळले.

‘सत्य सांगितले तर तो खचेल’ ही भीती खोटी नाही. परंतु येथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. सगळे एकदम न सांगणे निराळे आणि खोटे सांगणे निराळे. आजारी माणूस जेवढे विचारतो तेवढे, त्याला पेलेल अशा शब्दांत सांगावे. पुढचे तो विचारील तेव्हा सांगावे. यात लबाडी नाही, माया आहे. पण ‘काही नाही, साधी गाठ आहे’ असे सांगून केमोथेरपीला बसवले, तर केस गळू लागल्यावर त्याचा आपल्यावरचा विश्वासही गळतो. मग पुढे खरे सांगितले तरी तो मानत नाही.

शिवाय आयुष्य त्याचे आहे. जमिनीचे काय करायचे, सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे, कोणाशी समेट करायचा, उपचार कोठवर घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. त्याच्यापासून आजार लपवला म्हणजे हा हक्कही आपण काढून घेतला, हे लक्षात ठेवावे.

२. बोलल्याने काय होते?

एक उदाहरण सर्वांच्या माहितीतले आहे. राजकारण घटकाभर बाजूला ठेवावे. २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या काळात शरद पवार यांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली, आणि केंद्रात कृषिमंत्रिपदाचे काम सांभाळीत त्यांनी किरणोपचार घेतले. त्याचा परिणाम त्यांच्या चेहऱ्यावर व बोलण्यावर आजही जाणवतो. तरी त्यांनी तोंड लपवले नाही. सुपारीच्या सवयीबद्दल वेळीच कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले आहे. दुसरीकडे, आर. आर. पाटील यांच्यासारखा साधा व लोकप्रिय नेता याच रोगाने २०१५ साली आपल्यातून गेला. तंबाखूची पुडी किंवा मिश्रीची डबी जवळ बाळगणाऱ्या आपल्या घरच्या माणसांना या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा बायका सासूलाही सांगत नाहीत असा रोग. १९९९ पासून बार्शीचे कॅन्सर रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने तेथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या, बायकांशी बोलल्या आणि तपासणीला या म्हणून सांगितले. ज्यांना बोलावले त्यांपैकी बहुतेक जणी आल्या. आठ वर्षांनी हिशेब केला, तेव्हा एचपीव्ही या विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच केली होती, त्यात या कॅन्सरने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या. ज्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत होती, त्यात ६४. पहिला गट थोडा मोठा असूनही त्यातले मृत्यू निम्म्याच्या आसपास होते. २००९ साली हा निष्कर्ष जगभर प्रसिद्ध झाला. तपासणीने जीव वाचले हे खरेच. पण तपासणीपर्यंत त्या बायका पोहोचल्या त्या कोणीतरी दारात येऊन मोकळेपणाने बोलले म्हणून.

३. रोजचे जगणे

कॅन्सर हा रोज उठून जगण्याचाही आजार आहे. केमोनंतर जिभेची चव जाते, भाकरी मातीसारखी लागते, फोडणीच्या वासाने मळमळते. घरच्यांना वाटते, ‘एवढे करून घातले तरी खात नाही.’ थकवा असा येतो की मोरीपर्यंत जाणेही डोंगर वाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. केस गेलेली बाई बाजाराला व मिस्सेला जाणे सोडते. कापूस वेचायला एक माणूस कमी, दवाखान्यात सोबतीला दुसरा अडकलेला, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. हे बोलले नाही तर गैरसमज वाढतात. बोलले, तर डाळीचे पातळ पाणी थोडे थोडे देणे, फोडणी बाहेरच्या चुलीवर देणे, असे साधे उपाय सुचतात.

वेदनेबद्दलही बोलावे. दुखणे मुकाट्याने सोसणे म्हणजे पुण्य, असे आपली श्रद्धा शिकवत नाही. कॅन्सरच्या वेदना बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात आणता येतात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी औषधे रुग्णालयांना मिळवणे सोपे झाले आहे. मात्र किती दुखते हे डॉक्टरांना कळले पाहिजे.

कॅन्सर सोबत बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने लागत नाही. आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवणे हे अज्ञान आहे, आणि तो पेला पाहून आजाऱ्याला काय वाटते हे त्याचे त्यालाच ठाऊक. ‘मुलीच्या लग्नाला अडचण येईल’ म्हणून आईचा आजार लपवणारी घरेही आहेत. सोयरिकीला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच हा विषय एकदा स्पष्ट बोलून टाकावा.

बोलल्याने मदतही सापडते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साधारण ६० किलोमीटरवर आहे. प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून विचारावे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गरीब कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळत आला आहे. ज्या घराने आजार लपवला, त्याला यातले कोण सांगणार?

४. आपली श्रद्धा काय सांगते?

ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे त्यांनी बरोबर केले. पुढे तोंड उघडून ‘तुझ्या पापामुळेच हे झाले’ असे सांगू लागले, तेव्हा चुकले. आजाऱ्याच्या घरी जाऊन ‘देवाने शिक्षा केली’ किंवा ‘अमक्याला असेच झाले होते, तो वाचला नाही’ असे सांगणारे त्याच मित्रांचे वंशज होत.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपले दुःख झाकून ठेवले नाही. जीव फार कष्टी झाला आहे हे त्याने आपल्या जवळच्या तिघांना सांगितले आणि सोबत जागे राहण्याची विनंती केली. त्यांनी दुःख दूर करावे असे त्याने मागितले नव्हते.

आणखी एक गैरसमज. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार म्हणजे ‘शेवटचे तेल’ असे समजून घरचे लोक फादरला बोलावत नाहीत. बोलावले तर आजारी माणूस घाबरेल असे त्यांना वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे की हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. गंभीर आजाराच्या आरंभी, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घ्यावा, आणि दुखणे वाढल्यास पुन्हा घेता येतो. आणि प्रार्थना करतो म्हणून औषध सोडावे असे कोणी सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये. वैद्यही देवानेच दिला आहे, असे सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात सांगितले आहे.

घरी व वस्तीतील प्रार्थनासभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरी कोणाला गंभीर आजार झाला, तर त्याला कोण, कसे सांगील?
२. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर आपण जास्त बोलतो की ऐकतो?
३. आपल्या वस्तीत उपचार घेणाऱ्या घरासाठी एका आठवड्यात कोणते एक काम करता येईल? पाणी भरणे, मुलांचा डबा, दवाखान्याची सोबत, शेतातला एक दिवस?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरवण्याआधी त्या घरी जाऊन त्यांनाच विचारावे. आपल्याला काय हवे आहे, हे ज्याचे त्यालाच नीट सांगता येते.

आपला,
धर्मगुरू