बेसावध मित्राचे रक्षण : सिगालोवाद सुत्ताच्या प्रकाशात

पंचशीलातील पाचवे शील आपण सारे विहारात म्हणतो. त्यात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान म्हटले आहे. न पिणे हेच शील, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तरीही ३१ डिसेंबरला, मित्राच्या हळदीच्या रात्री किंवा पहिला पगार झाला म्हणून आपल्यातील तरुण 'बसतात', हे डोळेझाक करून नाहीसे होणारे नाही. प्यायलेल्यास नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्या रात्री त्याचा जीव कसा राखावा हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या वेळुवनात तथागत सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला उपदेश करतात. मद्यपानाचे सहा तोटे तेथे सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि प्रज्ञेचा ऱ्हास. हे आपल्याला ठाऊक असते. पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. मित्राची लक्षणे सांगताना, जो केवळ पिण्यापुरता सोबती तो मित्रच नव्हे, असे तथागत म्हणतात. आणि उपकारक मित्र कोण, तर जो बेसावध झालेल्या मित्राचे व त्याच्या मालमत्तेचे रक्षण करतो तो. विनयातील सागत भिक्षूची कथाही येथे आठवते. कोसंबीच्या लोकांनी घरोघर दिलेले मद्य पिऊन तो नगरद्वारी कोसळला. मद्यपानाविरुद्धचा नियम त्याच्यामुळेच झाला; परंतु नियम करण्याआधी तथागतांनी त्याला उचलून आणावयास भिक्षूंना सांगितले, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आता व्यवहाराकडे वळू. "मी फक्त बिअर घेतली" हे वाक्य फसवे आहे. ६५० मि.लि.च्या, ८ टक्के मद्यार्काच्या 'स्ट्राँग' बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ६० मि.लि.च्या पेगमध्ये तो सुमारे २० ग्रॅम. म्हणजे एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. यकृत हा मद्यार्क साधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम एवढाच जाळते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही. रात्री बारापर्यंत तीन बाटल्या रिचवणारा सकाळी कामावर निघतो तेव्हाही त्याच्या रक्तात मद्य असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.पेक्षा अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे गुन्हा आहे. साठ किलो वजनाच्या माणसास एक स्ट्राँग बाटलीच या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे नेते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडीची किल्ली संध्याकाळीच न पिणाऱ्याच्या खिशात जावी. ग्लास हातात आल्यावर किल्ली मागितली तर भांडण होते, हे कोणालाही सांगावयास नको. धरण, विहीर, समुद्र यांच्या काठी बैठक नकोच.

उपाशीपोटी पिणे, पैजेवर पिणे आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर पिणे ही तीन विशेष घातक. क्षयाची औषधे घेणाऱ्याचे यकृत आधीच ताणलेले असते, आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर रात्रीतून धोकादायक उतरू शकते. अशा मित्राला आग्रह करणारा कसला मित्र?

सर्वांत मोठी चूक "झोपू दे, उतरेल" ही. पोटातील मद्य झोपेतही रक्तात चढतच राहते, आणि उताणा पडलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो. त्याला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे दुमडावा, तोंड किंचित खाली राहील असे ठेवावे, आणि कोणीतरी जवळ बसून राहावे. मुद्दाम उलटी काढू नये, तोंडात पाणी ओतू नये. हलवून, चिमटा काढूनही तो जागा होत नसेल, मिनिटाला आठांहून कमी श्वास घेत असेल, ओठ निळसर व अंग गार पडले असेल, झटके येत असतील, तर १०८ ला फोन करावा. घरचे रागावतील म्हणून थांबू नये. आईवडिलांचा राग चार दिवसांचा असतो.

शेवटी हातभट्टीविषयी. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक कष्टकरी, हातावर पोट असलेली. असल्या दारूत मिथेनॉल असते. ते चवीवरून वा वासावरून ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. हे होण्यास बारा ते चोवीस तासही लागतात, म्हणून रात्री ठीक वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोटदुखी, जोरजोराचा श्वास आणि डोळ्यांपुढे धुके असल्याची तक्रार करतो, आणि घरचे ती हँगओव्हर समजतात. यावर उतारा आहे, पण तो रुग्णालयातच, आणि वेळेवर पोहोचले तरच. जाताना उरलेली बाटली वा पिशवी बरोबर न्यावी, काय प्यायला व किती वाजता हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे, आणि त्याच बैठकीतील इतरांनाही, त्यांना काही होत नसले तरी, त्याच दिवशी तपासणीस न्यावे.