दहा कोंबड्यांचा उन्हाळा: खर्च किती आणि आधी कुठे

मार्च सरत आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी पशुखाद्याच्या दुकानात एकच चौकशी सुरू होते: कोंबड्यांसाठी उन्हाळ्याचं औषध कोणतं? दोन-तीनशे रुपये मोजून बाटली घरी येते आणि कोंबड्या मात्र त्याच तापलेल्या पत्र्याखाली राहतात. हा खर्चाचा क्रम उलटा करायला हवा. आधी सावली, मग वारा, मग गार पाणी. औषध सगळ्यात शेवटी. परसात दहा कोंबड्या आणि सहा बाय चार फुटांचं खुराडं असेल, तर ही सगळी तयारी साधारण बाराशे ते दोन हजार रुपयांत होते. गावरान कोंबडी बाजारात चार-पाचशेला जाते, म्हणजे नवतपा संपेपर्यंत चार कोंबड्या वाचल्या तरी पैसे वसूल.

खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर जाते ती तुऱ्यातून, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीतून आणि पायांतून. ते पुरेनासं झालं की धापेतून. पारा तिशीच्या पुढे सरकला की चोच उघडी पडते, पंख अंगापासून सुटे होतात, मानेखालची कातडी भराभर हलू लागते. सतत धापा टाकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा माल कमी पडतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये अंडी बोटाच्या दाबाने फुटतात. शिंपल्यांचा चुरा जरूर घाला, पण धाप थांबल्याशिवाय नुसत्या चुऱ्याने कवच जाड होणार नाही.

आता पत्र्याकडे बघा. दुपारी दोनच्या सुमारास खुराड्यात हात घालून पत्र्याच्या खाली चार बोटांवर तळवा धरा. धरवत नसेल, तर कोंबडी तिथे बसते कशी याचा विचार करा. पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्यायचे. धरून राहावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळायचा. एवढ्याशा छपराला साठ ते शंभर रुपये पुरतात. वर तुराट्या, पळाट्या किंवा पाचट अंथरून दोरीने बांधायचं. घरची शेती असेल तर फुकट, नाहीतर शे-दीडशे. मात्र चूल किंवा कचरा जाळायची जागा जवळ असेल तर वाळलेलं काही वर टाकू नका. चुना आणि शेडनेटवर भागवा.

शेडनेटच्या बाबतीत एक चूक सर्रास दिसते. लोक ती पत्र्यालाच चिकटवून बांधतात. जाळी पत्र्याच्या वर दीड-दोन फूट हवी, म्हणजे मधून वारा वाहतो. ७५ टक्के सावलीची, दहा बाय दहा फुटांची जाळी तीनशे ते साडेचारशेला मिळते आणि चार बांबूंचे अडीचशे ते चारशे होतात. खुराड्यापुढच्या अंगणावरही तिची सावली पडू द्या, कारण दिवसा कोंबड्या तिथेच उकरत असतात. परसात निंबाचं किंवा आंब्याचं झाड असेल तर यातलं काहीच करू नका. खुराडंच उचलून झाडाखाली न्या. कुठल्याही जाळीपेक्षा ती सावली गार.

वाऱ्याचा खर्च लोकांना जिवावर येतो, कारण मांजर-मुंगसाच्या भीतीने खुराडी चहूबाजूंनी फळ्या ठोकून बंद केलेली असतात. भीती खरी आहे. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंच्या फळ्या काढून तिथे अर्ध्या इंचाच्या छिद्राची वेल्डेड जाळी ठोका. अडीचशे ते चारशे रुपये लागतील, पण जाळी पुढची कित्येक वर्षं टिकते. मोठ्या छिद्राची स्वस्त जाळी घेऊ नका. तिच्यातून मुंगूस तोंड घालतं आणि साप सहज आत येतो. उकडतंय म्हणून रात्री दार उघडं ठेवणं तर अजिबात नको. खाली अंथरलेला तुसाचा थर हिवाळ्यात जाड बरा, उन्हाळ्यात दोन इंच पुरे.

पश्चिमेकडून येणारं ऊन आणि झळा अडवायला बारदानाचे पडदे लावा. तीन-चार जुनी बारदानं शंभरेक रुपयांत येतात. दुपारी दोन-तीनदा ती भिजवायची, पण पलीकडची बाजू उघडी हवी. कोंदट खुराड्यात ओलं बारदान लावलं तर आतली हवा दमट होते, आणि दमट हवेत कोंबडीची धाप कामाला येत नाही. याच कारणाने नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाला चालणारा हा उपाय रत्नागिरीत किंवा गोव्यात फारसा उपयोगी नाही. तिथे पंखा लावा. पन्नास वॅटचा पंखा दिवसाला आठ तास चालवला तर महिन्याला बारा युनिट होतात. आठ-दहा रुपये दराने बिलात शंभर-सव्वाशेची भर. वायर मात्र चोचीच्या आणि पाण्याच्या आवाक्याबाहेर असू द्या. फॉगर आणि पंप यांच्या फंदात दहा कोंबड्यांसाठी पडू नका. पैसे हजारांत जातात आणि अंथरूण ओलं होऊन रोग वाढतात.

पाणी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. एरवी पाव लिटरवर भागणारी अंड्यावरची कोंबडी कडक उन्हात अर्धा लिटर आणि त्याहून जास्त पिते. दहा कोंबड्यांना दिवसाला सहा-सात लिटर धरा. टँकरवर जगणाऱ्या गावातही एवढं काढता येतं. प्रश्न बहुधा पाण्याच्या तापमानाचा असतो. काळ्या पाइपातून आलेलं किंवा उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या भांड्यातलं कोमट पाणी कोंबडी चोच लावून सोडून देते. मातीची दोन उथळ, पसरट भांडी घ्या, दोनशे ते तीनशे रुपयांत होतील. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, सावलीत ठेवा. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी ते अडवून बसते. भर दुपारी एकदा पाणी बदला.

खाण्याची वेळ बदलायला तर पैसाच लागत नाही. दाणे पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती पुढचे काही तास टिकते. सकाळी दहाला दाणे टाकले तर ती उष्णता बरोबर दुपारच्या उन्हात भर घालते. म्हणून पहाटे उजाडताच आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर खायला घाला. दुपारी कोथिंबिरीच्या काड्या, टरबुजाच्या साली, काकडी चालेल.

औषधाचा नंबर आत्ता लागतो. क्षार-जीवनसत्त्वांच्या पावडरीवर मोसमभरात शंभर-दीडशे रुपये खर्च करा, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच, उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत सकाळच्या पाण्यातून. दुपारनंतर साधं पाणी. मानमोडीची लस राहिली असेल तर ती मार्चमध्येच, गार वेळी, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. मेच्या दुपारी कोंबड्या पकडापकडी करून टोचायच्या नाहीत.

खुडूक बसलेल्या कोंबडीवर वेगळी नजर ठेवा. ती अंडी सोडून पाण्याला उठत नाही आणि बसल्या जागी कोमेजते. तिचं डालगं घरातल्या गार कोपऱ्यात हलवा, पाणी चोचीला लागेल इतकं जवळ ठेवा. कळपात कोंबडा असेल तर खायची अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, कारण या गरमीत फळलेल्या अंड्यात वाढ सुरू होते आणि ती दोन-चार दिवसांत खराब होतात. ओल्या वाळूवर टोपली ठेवून वर ओलं फडकं झाकलं की ती बरीच टिकतात.

एखादी कोंबडी मान टाकून, डोळे मिटून पडली तर तिला सावलीत न्या, पाय आणि पोटाखालची बाजू साध्या गार पाण्यात बुडवा, पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फ नको. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि कोंबडी हातातच मरते. शुद्धीवर आली की ती स्वतः पिते. संध्याकाळपर्यंत तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

पुढच्या वर्षीचा खर्च कमी करायचा असेल तर जूनमध्ये पाऊस लागताच खुराड्याच्या पश्चिमेला शेवग्याच्या दोन फांद्या खोचा. शेजाऱ्याकडून फुकट मिळतात, भराभर वाढतात आणि पाला कोंबड्याही खातात. बुडाशी बोरी-बाभळीच्या काट्यांचं आळं मात्र घाला, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोंबड्या ती उकरून टाकतील.