घराच्या रंगाची निवड : माती, सिमेंट, लाकूड व पत्रा

पोहरादेवी क्षेत्री रामनवमीची यात्रा जवळ आली की आसपासच्या तांड्यांतून व गावांतून घरे रंगविण्याची एकच धांदल उडते. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास दूरदूरची, थेट तेलंगण व कर्नाटकातली बंजारा मंडळी येतात, पाहुणे घरी उतरतात, तेव्हा घर शोभिवंत दिसावे ही इच्छा योग्यच होय. परंतु दुकानदार देईल तो डबा आणावा व समोर दिसेल त्या पृष्ठभागावर फासावा, असा जो प्रकार सर्रास चालतो, त्यामुळे सोयाबीनच्या पट्टीतून आलेला पैसा एका पावसाळ्यात पापुद्रे होऊन भिंतीखाली पडतो. छटा कोणती घ्यावी याचा विचार घरची मंडळी करतातच. रंग कशावर लावावयाचा आहे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. म्हणून या विषयी चार गोष्टी आमच्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम मातीची भिंत घेऊ. मानोरा तालुक्यात पक्की घरे पुष्कळ झाली, तरी गोठे, जुने वाडे व स्वयंपाकघरे यांच्या भिंती अद्याप मातीच्या आढळतात. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते व उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर ऑइल पेंटचा हात दिला म्हणजे तिचे तोंड बांधल्यासारखे होते. ओल आतच कोंडते, माती भुसभुशीत होते आणि रंग मातीच्या पोपड्यासह गळून पडतो. अशा भिंतीस पांढरी माती, शेणकाला किंवा चुना यांवाचून दुसरे काही लावू नये. सच्छिद्र भिंतीवर चकचकीत लेप देण्याचा मोह केवळ खेड्यातल्या गवंड्यासच होतो असे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन कारागिरांनी १९२० ते १९२२ या काळात त्यांची दुरुस्ती केली व संरक्षणार्थ वरून लाखेचे रोगण दिले. ते रोगण पुढे पिवळे पडले, त्यावर मळ बसला, चित्रे काळवंडली, आणि ते उतरविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना फार परिश्रम करावे लागले. जाणत्या माणसांच्या हातून असे घडते, तर आपण अधिक सावध असावे.

चुना हा स्वस्त म्हणून त्यास हलका समजू नये. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो व भिंतीचा श्वासही अडवीत नाही. कळीचा चुना विरघळविताना मातीचे किंवा लोखंडी भांडे घ्यावे. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने वितळते. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, आणि पोरे जवळ येऊ देऊ नयेत. चुना उसळून डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाण्याचे भय आहे; तसे झाल्यास साध्या पाण्याने बराच वेळ सतत धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. एक किलो चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी घेऊन तो एक दिवस मुरू द्यावा, मग जाड्याभरड्या कापडातून गाळावा व त्यात विरघळविलेला डिंक मिसळावा. भिंत आधी ओलवून पातळ असे तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास तो तडकतो व अंगावरच्या कपड्यास लागतो. संत्र्याच्या बुंध्यास लावतात तो बोर्डो मलमही चुन्याचाच, पण त्यात मोरचूद असते. उरलेला मलम भिंतीस लावण्याची काटकसर कोणी करू नये.

सिमेंटच्या गिलाव्याची गोष्ट वेगळी. नवा गिलावा तीव्र क्षारयुक्त असतो. त्यावर लगेच ऑइल पेंट दिला तर क्षार व तेल यांचा संयोग होऊन साबण तयार होतो, रंग चिकट होतो व सुटतो. गिलाव्यास सात ते दहा दिवस पाणी मारावे, त्यानंतर निदान चार आठवडे सुकू द्यावा. अधिक थांबता आले तर उत्तमच. आतील भिंतीस अस्तर, मग हवी असल्यास लांबी, जिला हल्ली पुट्टी म्हणतात ती, काचकागदाने घासून पुन्हा अस्तर व त्यावर इमल्शनचे दोन हात, असा क्रम ठेवावा. बाहेरील भिंतीस बाहेरचाच रंग घ्यावा. पूड स्वरूपात मिळणारा सिमेंट रंग खरखरीत बाह्य भिंतीस चांगला. मात्र तो ओलसर भिंतीवर लावावा लागतो, लावल्यावर पाणी मारावे लागते, आणि कालविल्यावर तासा-दीड तासात संपवावा लागतो. जुन्या चुन्यावर तो धरत नाही. चुना खरवडूनच काढला पाहिजे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागला असेल, तर बाजारातला कोणताही रंग त्यावर औषध नाही. ओल कोठून येते ते शोधावे: परसातील मोरीचे पाणी, पन्हळीची गळती, किंवा पायातून वर चढणारी ओल. संशय असल्यास हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीस बंद करून एक दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या अंगास पाणी धरले तर ओल भिंतीची आहे असे समजावे. तडांचेही तसेच. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असला की भिंत तिच्याबरोबर हलते. तडेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण व तारीख घालून एक वर्ष पाहावे. तड खुणेपलीकडे सरकत असेल तर रंगाऱ्यास नव्हे, पाया जाणणाऱ्यास बोलवावे. महसुली कामात अतिवृष्टीनंतरचे पंचनामे करताना आम्ही अशा भिंती पुष्कळ पाहिल्या. ताज्या रंगाने तड झाकलेली भिंत तपासणाऱ्यास फसविते, आणि तिच्याआड निजणाऱ्यासही.

लाकूड वाळलेले हवे. ओल्या लाकडावरचा रंग फुगतो. दारे-खिडक्या घासून, अस्तर देऊन, भेगांत लांबी भरून मग एनॅमलचे दोन हात द्यावेत. सागाचे जुने दार असेल तर आमच्या मते ते झाकूच नये. जवसाचे बेलतेल पुरे. पण तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेट घेतो. घरात कापूस, बाहेर कडबा, अशा स्थितीत याचा परिणाम काय होईल ते सांगावयास नको. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लोखंडाचा गंज तारेच्या ब्रशाने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर द्यावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या पत्र्यावर मात्र साधा ऑइल पेंट टिकत नाही. त्यासाठी निराळे अस्तर मिळते, ते मागून घ्यावे. घर थंड राहावे म्हणून असल्या पत्र्यावर चुना फासतात, पण ओला चुना जस्त खातो. स्लॅबवर पांढरा चुना जरूर द्यावा, त्याने ऊन परतते.

आता शिशाविषयी. पूर्वीच्या तैलरंगांत व अस्तरांत शिसे असे. ते मुलांच्या मेंदूस बाधते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तरी जुन्या दारांवरचा रंग जुनाच आहे. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून घासावा व खरवड गोळा करून पुरावी, विहिरीपासून व चाऱ्यापासून दूर. गुरांना चाटण्याची सवय असते, आणि वासरे तर रिकामे डबेही चाटतात. शिशाने ती आंधळी होऊन मरतात. गव्हाणीस व गोठ्याच्या दारास जुना पडून राहिलेला डबा कदापि वापरू नये.

काळाविषयी म्हणाल, तर दिवाळीपूर्वी भिंती पावसाने भिजलेल्या असतात व रामनवमीस ऊन कडक असते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ आम्हास उत्तम वाटतो. यात्रेपूर्वीच करावयाचे असल्यास सकाळी, सावलीच्या बाजूने काम करावे. तापलेल्या भिंतीवर रंगाची साय आधी वाळते व मागून फोड येतात.

खरेदीपूर्वी मापे घ्यावीत. सहा मीटर लांब व तीन मीटर उंच भिंत म्हणजे १८ चौरस मीटर. दाराचे दोन वजा जाता १६. दोन हातांचे ३२. डब्यावर एका लिटरात दहा चौरस मीटर असे लिहिले असेल, तर ३.२ लिटर लागेल. भिंत खरखरीत असेल तर थोडा अधिक धरावा, आणि एका खोलीचा सर्व रंग एकाच वेळी आणावा, कारण पुढच्या खेपेचा डबा छटेत तंतोतंत जुळेलच असे नाही.